कंपनीचा की मामांचा? एका जुन्या फ्रेटलेस बेसची ओळख आणि दुरुस्ती

बेस (खर्जातली गिटार) माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या चारही तारा गंजून तपकिरी झाल्या होत्या आणि तशाच पूर्ण ताणावर होत्या. घेऊन आलेल्या बाईंनी केस टेबलावर ठेवली आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं, "हा कंपनीतूनच फ्रेटलेस आलाय. मामा नेहमी सांगायचे."

मामा जहाजांवरच्या बँडमध्ये बेस वाजवत. ते गेल्यावर केस अकरा वर्षं माळ्यावर पडून होती. बाईंना बेस विकायचा नव्हता. तो पुन्हा वाजता व्हावा एवढं त्यांना हवं होतं. शिवाय, मामा सांगत ते खरं आहे असं कुणा जाणत्याने एकदा म्हणावं, अशीही इच्छा त्यांच्या बोलण्यातून जाणवत होती. पहिलं काम माझ्या हातातलं होतं. दुसऱ्याबद्दल मी काहीच कबूल केलं नाही.

सतारीला पडदे असतात, सरोदला नसतात. साधा बेस आणि फ्रेटलेस बेस यांच्यात नेमका हाच फरक आहे. फ्रेट असले की सूर त्या धातूच्या पट्टीवर ठरतो, बोट थोडं मागेपुढे झालं तरी चालतं. फ्रेट नसले की तार थेट लाकडावर दाबली जाते, सूर बोटाच्या पेराखाली ठरतो आणि लाकडाला हलकी घासत तार गाते. मामांचा बेस फेंडर कंपनीचा 'प्रिसिजन', म्हणजे 'अचूक', होता. १९५१ साली आलेल्या या बेसला ते नाव मिळालं ते फ्रेटमुळेच. उभ्या डबल बेसवर सूर शोधावा लागे, इथे तो आयता मिळे. पुढे उलटी मागणी आली. ॲम्पेग कंपनीने १९६६ साली फ्रेटलेस बेस बाजारात आणला आणि १९७० साली फेंडरने प्रिसिजनचाच फ्रेटलेस प्रकार काढला. म्हणजे मामांचं म्हणणं अशक्य नव्हतं.

पण १९७६ साली जॅको पास्टोरियस या बेसवादकाची पहिली स्वतंत्र रेकॉर्ड आली. त्याच्या जुन्या 'जॅझ बेस'चे (फेंडरच्याच दुसऱ्या प्रकारच्या बेसचे) फ्रेट काढलेले होते आणि फिंगरबोर्डवर, म्हणजे तारा दाबतात त्या फळीवर, बोटींना लावतात त्या इपॉक्सीचा (कडक होणाऱ्या राळेचा) थर होता. तो आवाज ऐकून जगभरच्या किती वादकांनी पकड हातात घेतली असेल, कोण जाणे. त्यामुळे त्या दशकातला फ्रेटलेस प्रिसिजन समोर आला की दोन शक्यता उभ्या राहतात, आणि दुरुस्ती कशी करायची हे त्यांतली कोणती खरी आहे यावर ठरतं. कंपनीच्या मूळ फ्रेटलेस नेकला (दांडीला) पटाशी लावताना माझा हात थांबेल. खाचा बुजवलेल्या नेकमध्ये मात्र त्या खाचाच दुखण्याचं मूळ असू शकतात.

पहिल्या दिवशी मी काहीच खोललं नाही. सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि मापं लिहून घेतली. बाराव्या स्वराच्या जागी जाड तार लाकडापासून साडेतीन मिलिमीटर उंच होती, फ्रेटलेससाठी बरीच जास्त. नेक मध्यभागी ०.९ मिलिमीटर खोल वाकली होती. ब्रिजच्या, म्हणजे घोडीच्या, चारही सॅडलची (तारा टेकतात त्या तुकड्यांची) जागा व्हर्निअरने मोजली, कारण त्यांचे स्क्रू गंजून घट्ट बसले होते. म्हणजे शेवटी वाजवणाऱ्याने ते जसे ठेवले होते तसेच असणार. ही मापं शेवटी इतकी कामाला येतील असं तेव्हा वाटलं नव्हतं. मी ती सवयीने घेतो. मग तारा एकदम न सोडता चारही थोड्या थोड्या, आळीपाळीने सैल केल्या.

वय

नेकच्या जोडावरची धातूची प्लेट सगळे आधी बघतात. इथे मोठ्या 'एफ' अक्षराची प्लेट होती. ती फेंडरने १९६५ ते १९७६ या काळात वापरली, त्यानंतर तिच्यावरचा अनुक्रमांक हेडस्टॉकवर (खुंट्यांच्या भागावर) आला. पण प्लेटा डब्यातून हाताला येतील तशा लावल्या जात, त्यामुळे क्रमांकावरून नेमकं वर्ष निघत नाही. शिवाय चार स्क्रू काढले की प्लेट बदलता येते. तिच्यावर मी कधीच फार विसंबत नाही.

नेक उतरवल्यावर तिच्या टाचेवर शाईचा शिक्का दिसला. फिकट झाला होता, पण तिरप्या उजेडात वाचता आला: नोव्हेंबर १९७१. व्हॉल्यूमच्या पॉटच्या (बटणाखालच्या विजेच्या भागाच्या) पाठीवर १३७७१३३ हा आकडा होता. १३७ म्हणजे सीटीएस ही बनवणारी कंपनी, ७१ हे वर्ष आणि ३३ हा त्या वर्षातला आठवडा. पॉट ऑगस्टचा, नेक नोव्हेंबरची. सुटे भाग कारखान्यात काही काळ पडून असत, तेव्हा हा क्रम पटण्यासारखा आहे. टोनचा पॉट मात्र १३७७९१२, म्हणजे १९७९च्या मार्चमधला, आणि त्याच्या सोल्डरचा गोळा वेगळ्याच हाताचा. पॉटवरची तारीख फक्त एवढंच सांगते की काम त्याच्या आधी झालेलं नाही. ते नंतर किती वर्षांनी झालं, याबद्दल ती गप्प असते. हा फरक विसरून पॉटच्या तारखेलाच वाद्याची जन्मतारीख मानणारे मी खूप पाहिलेत.

पातळ तारेच्या बाजूला बोटं टेकवायच्या पट्टीची दोन बुजवलेली भोकं होती. फेंडरने ती पट्टी १९७४ साली जाड तारेच्या बाजूला नेली, त्यामुळे तोही पुरावा जुळला. काळा रंग मात्र मूळचा नव्हता. पिकअपच्या (तारांची कंपनं टिपणाऱ्या चुंबकी भागाच्या) खोबणीत काळ्या फवाऱ्याखालून पिवळा-तपकिरी सनबर्स्ट (मध्ये उजळ, कडेला गडद रंग) डोकावत होता. हेडस्टॉकचा पुढचा भाग नेकच्या मागच्या बाजूपेक्षा बराच पिवळा पडला होता. ते मला आवडलं, कारण त्या काळात नेकवर पॉलिएस्टर मारत असले तरी नावाचा स्टिकर बिघडू नये म्हणून हेडस्टॉकच्या तोंडावर जुनं लॅकरच देत, आणि लॅकर असंच पिवळं पडतं. नकली काम करणारा सहसा दोन्हीकडे सारखाच पिवळेपणा आणतो.

बेस १९७१-७२चा आणि नेक त्याचीच, इथवर शंका उरली नाही. पण त्या वर्षी फ्रेटलेसही बनत होते. खरा प्रश्न तसाच होता.

फिंगरबोर्ड काय म्हणाला

वरून पाहिलं तर शिसवाच्या फिंगरबोर्डवर एकही रेघ नव्हती. जाड, पिवळट इपॉक्सीचा थर, त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे, आणि पाचव्या-सातव्या स्वरापाशी तो थर लाकडापासून सुटून पांढुरका झालेला. खोलीतला दिवा घालवून मी टॉर्च फिंगरबोर्डला समांतर धरला. एकामागून एक वीस सावल्या उमटल्या, केसाएवढ्या बारीक. शिसवाचा भुसा गोंदात कालवून कुणीतरी खाचा इतक्या नेटक्या बुजवल्या होत्या की सरळ उजेडात त्या लाकडाचीच नक्षी वाटाव्यात. वर्षांनुवर्षं ते लुकण आकसत गेलं आणि प्रत्येक खाचेवर इपॉक्सी किंचित खाली बसली, म्हणून त्या सावल्या.

तरी मोजून बघितलं. नटापासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून) ब्रिजपर्यंतच्या उरलेल्या लांबीला १७.८१७ने भागत गेलं की फ्रेटच्या जागा मिळतात. ३४ इंची, म्हणजे ८६४ मिलिमीटरच्या लांबीवर पहिला फ्रेट ४८.५ मिलिमीटरवर, पाचवा २१६.६वर आणि बारावा बरोबर निम्म्यावर, ४३२वर येतो. सावल्या त्याच जागी होत्या. नेकच्या कडेचे ठिपकेही दोन सावल्यांच्या बरोबर मध्ये होते. एखादा कारखाना फ्रेटलेसवरही ठिपके जुन्याच जागी ठेवू शकतो, म्हणून तेवढ्यावर मी निकाल दिला नसता.

निकाल दिला सतराव्या खाचेने. तिथलं लुकण थोडं उडालं होतं. भिंगाखाली सुईने टोकलं तर तळाशी पिवळसर चमक दिसली: फ्रेटची खाचेत बसणारी जीभ तुटून आत राहिली होती. फ्रेटच्या मिश्रधातूत तांबं, निकेल आणि जस्त असतं, त्यामुळे चुंबक इथे उपयोगी नाही. सुई आणि उजेडच लागतो. खाचांच्या कडेने लाकडाचे बारीक टवकेही उडालेले होते, आणि ते टवके माझ्याशी सर्वांत स्पष्ट बोलले. त्या काळी फेंडरमध्ये फ्रेट वरून ठोकत नसत, बाजूने सरकवून बसवत. म्हणून ते काढतानाही बाजूनेच सरकवायला हवेत. ज्याला हे माहीत नाही तो पकडीने वर खेचतो आणि जिभेचे दाते दोन्हीकडचं लाकूड घेऊनच बाहेर येतात. इथे तेच झालं होतं. पण मग त्या माणसाने प्रत्येक टवका संयमाने भरला होता. उतावळ्या हाताने चूक झाली आणि त्याच हाताने ती शांतपणे निस्तरली, असं मला ते पाहताना वाटत राहिलं.

बाईंना मी टॉर्च हातात देऊन स्वतः बघायला लावलं. अशा वेळी तोंडी निकाल सांगू नये असं माझं मत आहे. माणसाला डोळ्यांनी दिसू द्यावं. त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग "म्हणजे मामा खोटं बोलले," एवढंच म्हणाल्या आणि आईला फोन लावला.

फोन स्पीकरवर होता. आई आधी हसल्या. "दादाने हा आणला त्या सुट्टीतली गोष्ट. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी, म्हणजे ऐंशी साल. कुठल्यातरी बंदरात जुना विकत घेतलेला. आठ दिवसांत गच्चीवर बसून पकडीने एकेक पट्टी उपटली त्याने. मी पाहिलंय. आणि नाना खालून आले तेव्हा म्हणाला, असाच आहे हा, कंपनीतूनच असा येतो. एवढे पैसे घालून आणलेली वस्तू मोडली म्हणून नाना काय बोलले असते! मग तेच सांगत राहिला."

१९७९च्या पॉटला ऐंशी सालाची साथ मिळाली. पण मला पॉटपेक्षा ते वाक्य मोलाचं वाटलं. वडिलांसमोर एकदा बोललेली गोष्ट पुढे घरचा इतिहास झाली होती. बाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, "मग आता पट्ट्या परत बसवायच्या का?"

कोणत्या सालाकडे परत जायचं

फ्रेट परत बसवले की बेस १९७१ सालासारखा होतो. कागदोपत्री ती 'मूळ' स्थिती. पण हा बेस फ्रेटसह नऊ वर्षं जगला आणि त्यांच्याशिवाय त्याच्या कितीतरी पट. ज्या माणसामुळे तो आज माझ्या टेबलावर होता, त्याने तो फ्रेटलेसच वाजवला. मी सरळ सांगितलं की फ्रेटलेसच ठेवूया, फक्त पुढे कुणाला फ्रेट घालावेसे वाटले तर ती वाट बंद होणार नाही असं काम करतो. काळ्या रंगाबद्दलही तेच. तो खरवडून खालचा अर्धामुर्धा सनबर्स्ट उघडा करण्यात काही मिळालं नसतं.

फिंगरबोर्ड मात्र सोडून देता येत नव्हता. १९६२नंतर फेंडरने शिसवाची जाड सपाट फळी सोडून मॅपलवर पातळ, वक्र थर बसवायला सुरुवात केली होती. इथे तो थर कडेला जेमतेम अडीच मिलिमीटर होता. जाड फळी असती तर घासून सपाट करून मोकळा झालो असतो. इथे प्रत्येक घासणं म्हणजे परत न येणारं लाकूड.

आणि ०.९ मिलिमीटरचा वाक घासून जाणारा नव्हताच. ट्रस रॉडची (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईची) चावी आधीच शेवटपर्यंत आवळलेली होती. पुष्कळांच्या लक्षात येत नाही की फ्रेट नेकला ताठही ठेवतात. वीस खाचांत वीस जिभा पाचरीसारख्या घट्ट बसलेल्या असतात आणि त्या मिळून तारांच्या ओढीविरुद्ध नेकला मागे रेटतात. पाचरी काढून जागेवर मऊ लुकण भरलं की वरचा थर प्रत्येक खाचेशी थोडाथोडा मिटतो आणि नेक पुढे झुकते. मामांनी ट्रस रॉड आवळत नेला असणार, आणि एक दिवस तो संपला.

म्हणून इलाज खाचांतच होता. आधी इपॉक्सी काढली. कोमट उष्णता देऊन खरवडपट्टीने ती सोलली जाते, पण ठिपक्यांजवळ उष्णता मुळीच नेली नाही. ते सेल्युलॉइडचे असतात, पटकन वाकतात आणि पेटही घेतात. तिथे नुसती धारदार पट्टी आणि वेळ. शिसवाची भुकटी छातीला आणि कातडीला बाधते, तेव्हा मास्क लावूनच. एक मान्य करायला हवं: तडे गेलेल्या त्या इपॉक्सीखाली लाकूड जवळजवळ अखंड होतं. गुंडाळीच्या खरबरीत पोलादी तारा उघड्या शिसवावर कानशीसारख्या चालतात. मामांचा बोटीचा थर नसता तर अडीच मिलिमीटरमधलं फार काही उरलं नसतं.

इथेच माझ्या हातून चूक झाली. नेकच्या कडेचा काळा चिकट मळ मी स्पिरिटच्या बोळ्याने पुसत होतो. तिसऱ्या स्वरापाशी बोळ्यावर निळा डाग आला आणि मी थांबलो. मळाखाली बॉलपेनची एक बारीक आडवी रेघ होती, निम्मी पुसली गेलेली. पुढे पाचव्या, सातव्या, नवव्या आणि बाराव्या जागी तशाच रेघा सापडल्या. मामांनी सुराच्या जागा स्वतःसाठी खुणावून ठेवल्या होत्या. पहिल्या दिवशी इतके फोटो काढले, पण मळाखाली काय असेल हे न बघता बोळा फिरवला. तिसरी रेघ परत आणता आली नाही. बाईंना ते त्याच दिवशी कळवलं आणि उरलेल्या चार रेघांवर लॅकरचा एक पातळ हात देऊन त्या बंद केल्या.

खाचांतलं लुकण काढायला दोन दिवस लागले, आकड्याच्या सुरीने आणि अर्ध्या मिलिमीटरच्या करवतीने. सतराव्या खाचेतला जिभेचा तुकडा कागदाच्या पुडीत ठेवला. मग शिसवाच्या ०.६ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या एकेका खाचेच्या मापाने घासून, दाबून बसतील अशा केल्या. मॅपलच्या घेतल्या असत्या तर पांढऱ्या रेघा मिळून वाजवायला सोय झाली असती, पण हा बेस कधी रेघांचा नव्हता. चिकटवायला गरम सरस वापरला. त्यातल्या पाण्याने पट्टी किंचित फुगून खाच घट्ट धरते, आणि पुढे कधी उष्णता आणि ओलावा दिला की तो सुटतो. बाराव्या पट्टीनंतर सरळ पट्टी ठेवून पाहिली तेव्हाच नेक मागे येऊ लागली होती. विसाव्यानंतर पूर्ण ताणावर वाक ०.४ राहिला, तोही ट्रस रॉड दीड फेरा सैल सोडून. नेक पुन्हा स्वतःच्या बळावर उभी राहिली, याचा आनंद मला शब्दांत नीट सांगता येणार नाही.

घासणं अगदी थोडं झालं, ७.२५ इंच त्रिज्येच्या ठोकळ्यावर बारीक पॉलिश पेपर लावून, फक्त पट्ट्यांची डोकी लाकडाला मिळेपर्यंत. वीजकामात विशेष काही नव्हतं. पिकअपचा रोध १०.८ किलोओहम, म्हणजे तब्येत उत्तम. गुणगुण येत होती ती ब्रिजखालची अर्थिंगची तार गंजल्यामुळे. ती बदलली आणि १९७९चा पॉट साफ करून जागेवरच ठेवला.

इपॉक्सी पुन्हा द्यायची की नाही, यावर बाईंशी दोनदा बोललो. ती दिली असती तर मामांचा तो चमकदार, गुरगुरता आवाज अधिक जवळ आला असता. पण ती पुढच्या वेळी काढताना त्या पातळ थरातलं लाकूड जाईल, आणि या थराला तेवढं परवडणारं नाही. मी उघड्या लाकडाला तेलाचा पातळ हात आणि गुळगुळीत, चपट्या गुंडाळीच्या तारा सुचवल्या. आवाज मऊ आणि जरा काळोखा होतो. बाईंनी तो ऐकला, थोड्या हिरमुसल्या आणि हो म्हणाल्या. मला आजही वाटतं की निर्णय बरोबर होता, पण त्यात काहीतरी सोडावं लागलं हेही खरं.

शेवटी तारांची उंची उरली. नट मी इतका खाली घेतला की त्याच्याजवळ तारेखालून कागद जेमतेम सरकावा. ब्रिजचे गंजलेले स्क्रू तेल मुरवून सोडवले आणि बाराव्या जागी जाड तार दोन मिलिमीटरवर आणली. फ्रेटलेसवर हातांना हेच सोपं. बाईंनी बोट बरोबर बॉलपेनच्या रेघेवर ठेवून वाजवलं. सूर उतरलेला निघाला. थोडं ब्रिजकडे सरकवलं की लागे.

मी रेघा मोजल्या. प्रत्येक रेघ हिशोबाच्या जागेपेक्षा नटाकडे होती, बाराव्या जागी सव्वा मिलिमीटरने. आधी वाटलं, मामांनी अंदाजाने ओढल्या असतील. मग पहिल्या दिवसाची वही काढली: साडेतीन मिलिमीटर. तार उंच असली की दाबताना जास्त ताणली जाते आणि सूर चढतो, म्हणून बोट किंचित मागे ठेवावं लागतं. नेक वाकत गेली, तारा उंचावत गेल्या आणि मामांच्या कानाने त्या उंचीवरची खरी जागा शोधून तिथे रेघ मारली. त्या रेघा अचूक होत्या, फक्त त्या वेळच्या बेससाठी.

बाईंनी विचारलं, "तारा परत वर घेता येतील? मामांच्या होत्या तेवढ्या?"

वाजवायला जड जाईल, बोटं दुखतील, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण मागणी बदलली नाही. मग मी वहीतल्या मापाप्रमाणे चारही सॅडल मूळ जागी नेले आणि तार पाव फेऱ्याने वर घेत गेलो. दर वेळी त्या बाराव्या रेघेवर बोट ठेवून वाजवत आणि आम्ही ट्यूनरकडे बघत असू. साडेतीनच्या थोडं अलीकडेच काटा मध्यावर येऊन थांबला. त्यांनी बोट उचललं नाही. सूर विरेपर्यंत तो तिथेच होता.